अकादमीला विचारलेला प्रश्न

वर्षाली नाखवा चिडली की आवाज चढवत नाही, उलट खाली आणते. कल्याणच्या कॉलेजात ती प्राणिशास्त्र शिकवते. माहेर कोपरीचं, खाडीकाठच्या कोळ्यांचं. घराण्यातली पहिली एम.एस्सी. दरवर्षी नव्या मुलांना ती एक गोष्ट रंगवून सांगायची. परक्यांच्या राज्यात काही हट्टी शास्त्रज्ञांनी पदरमोड करून देशाची विज्ञान अकादमी काढली. कशासाठी? आपलं संशोधन छापायला विलायतेच्या तोंडाकडे बघायला नको म्हणून. आणि उद्या आपलं राज्य आलं, तर त्यालाही खरं काय ते तोंडावर सांगता यावं म्हणून. तिचा यावर मनापासून विश्वास होता, हेच वाईट झालं.

कारण हेच तिने बाबांनाही सांगितलं. धाकू नाखवांची होडी काठावर उलथी पडून आहे. जाळ्यात येईल त्या म्हावऱ्याला रॉकेलचा वास मारतो, शेजारपाजारचेही घेत नाहीत. यंदा अकादमीचा वर्धापनदिन ठाण्यात होता आणि शेवटी प्रश्नोत्तरं होती. वर्षाली म्हणाली, "बाबा, तू ये. ही माणसं सरकारला सल्ला देतात. त्यांनाच विचार." प्रश्न तिने आयोजकांना आधीच कळवला. बाबांनी ठेवणीतला सदरा काढला.

सभागृहात काय झालं म्हणता? सत्कार! अध्यक्षांचा सत्कार, मग अध्यक्षांच्या हस्ते प्रायोजकांचा सत्कार, मग ज्यांनी हार आणून दिले त्यांचाही सत्कार. नारळ संपेपर्यंत काही खरं नव्हतं. अकादमीच्या इतिहासावरची फिल्म मध्येच बंद पडली, तर लोकांनी त्यालाही टाळ्या वाजवल्या. शेवटी निवेदक गोड हसून म्हणाला, "वेळेअभावी प्रश्नोत्तरं रद्द करतोय. पण आपल्यात खाडीचे एक भूमिपुत्र आलेत!" आणि धाकू नाखवांना वर बोलावून त्यांच्या खांद्यावर शाल टाकली.

वर्षालीच्या मस्तकात तिडीक गेली. म्हाताऱ्याने विचारायला तोंड उघडायच्या आत त्याच्या हातात नारळ कोंबायचा, काय अक्कल आहे! ती तडक स्टेजवर गेली आणि निवेदकाच्या हातातला माइक काढून घेतला.

"सर, शाल मिळाली," ती अगदी हळू म्हणाली. "उत्तर?"

अध्यक्षांनी चष्मा सारखा केला. "मॅडम, तुमची तळमळ समजते. पण अकादमीची भूमिका सल्ला देण्याची आहे. सरकारने विचारलं, तर आम्ही जरूर सांगू. या विषयावर आम्हाला अजून कोणी विचारलेलं नाही."

बाबा माइकजवळ सरकले. "मंग आता मी इचारतो ना. सांगा सायेब, आमच्या खाडीचा पानी कोनी नासवला?"

अध्यक्षांनी निवेदकाकडे पाहिलं. निवेदकाने माइकशिवायच आवाज टाकला, "राष्ट्रगीतासाठी सर्वांनी उभं राहावं!" आणि रेकॉर्ड सुरू झाली. सगळे उठले. बाबा तर सगळ्यांत ताठ उभे, नजर समोर. वर्षालीही उभी राहिली, दात आवळून. संतापाने तिच्या डोळ्यांत पाणी आलं. देशाचं गाणं बापाचं तोंड बंद करायला वापरलं, हे ती जन्मात विसरणार नव्हती.

गाणं संपताच खुर्च्या वाजायला लागल्या. ती माइकमध्ये म्हणाली, "बसा. बाबांचा प्रश्न राहिलाय."

मागच्या रांगेतली काही पोरं खरंच खाली बसली. अध्यक्ष स्टेजच्या पायऱ्या उतरत होते.