ऑर्केस्ट्राची मराठी संध्याकाळ

आमच्या ऑर्केस्ट्राला पन्नास वर्षं झाली त्या हिवाळ्यात मी दोन माणसांशी बोलणं टाकलं. एक ऑर्केस्ट्राचे मालक, ज्यांना आम्ही सगळे भैयाजी म्हणतो. दुसरे आमच्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी, माझ्या चुलत बहिणीचे यजमान. लोक म्हणतात, एवढ्याशा गोष्टीवरून? ती एवढीशी गोष्ट काय होती ते सांगते.

मी अकॉर्डियन वाजवते. दिवसा वीज खात्यात टेबलाशी बसून लोकांच्या बिलाच्या तक्रारी ऐकते आणि संध्याकाळी तो बोजा खांद्यावर चढवते. वडील रेल्वेत होते. त्यांच्या ओळखीच्या एका अँग्लो-इंडियन गार्डनं झाशी सोडताना तो त्यांना देऊन टाकला. वडलांना भाता ओढला की खोकला यायचा, म्हणून तो माझ्याकडे आला. लग्न न करता नोकरी करणारी बाई ऑर्केस्ट्रात वाजवते म्हणून आमच्यातल्या बायकांनी बरीच वर्षं नाकं मुरडली. मग टीव्हीवर बायका वाजवताना दिसायला लागल्या तशी त्यांची नाकं सरळ झाली.

ललितपूरपासून दतियापर्यंत कुठल्याही लग्नात, मेळ्यात आमची पार्टी ठरलेली. पन्नासाव्या वर्षी भैयाजींनी जाहीर केलं की दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत मोहल्ल्या-मोहल्ल्यात फुकट कार्यक्रम करायचे आणि शहरातल्या एकेका समाजाला एकेक संध्याकाळ द्यायची. बंगाली, सिंधी, पंजाबी, मग आपले बुंदेली, मग मराठी. शेवटचा मोठा कार्यक्रम बबीन्याच्या छावणीत, फौजेतल्या कुटुंबांसाठी. "इस साल टिकट नहीं बेचेंगे, दिल जीतेंगे," असं ते म्हणाले तेव्हा मीही टाळी वाजवली.

खरं सांगायचं तर मी हरखले होते. आम्ही इथे अडीचशे वर्षं आहोत. कोणाचा पूर्वज फौजेबरोबर आला, कोणाचा दप्तर सांभाळायला, कोणाचा पूजा सांगायला. उंबऱ्याच्या आत मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी, असं चालत आलं. माझ्या भाच्याला मराठी सगळं समजतं, पण उत्तर तो हिंदीत देतो. आमची मराठी पुस्तकातली नाही. आम्ही भाजीला तरकारी म्हणतो, 'वाट पाहून राहिले' म्हणतो, मोठ्या माणसाच्या नावाला जी लावतो. ही मराठी झाशीतल्या एकाही स्टेजवर कधी ऐकू आली नव्हती. मला वाटलं, आता येईल.

भैयाजींनी मला तालमीच्या खोलीत बोलावलं. "बहनजी, मराठी वाले में तो मज़ा आ जाएगा! नौवारी, नथ, ढोल-ताशा, लावणी. और एंट्री में रानी साहिबा, घोड़े पर."

मी म्हटलं, "भैयाजी, लावणी आमच्या घरांत टीव्हीशिवाय कोणी पाहिली नाही."

"तो फिर आप लोग गाते क्या हैं?"

मी त्यांना घाण्याबद्दल सांगितलं. आमच्यात लग्नाआधी बायका उखळात हळकुंडं कुटतात आणि मुसळाच्या ठेक्यावर ओव्या म्हणतात. झाशीतल्या घाण्याच्या ओव्या झाशीतच झालेल्या आहेत, त्यांत इथले दरवाजे आहेत, इथला ताल, म्हणजे तलाव आहे. भैयाजींनी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, "ठीक है, दो मिनट का रख लेंगे."

मी सेक्रेटरींकडे गेले. म्हटलं, ते ऐकत नाहीत, तुम्ही सांगा.

"अगं, लोकांना रंगारंग हवं असतं," ते म्हणाले. "आणि पुण्याहून पाहुणे येतायत. आपण इथे अजून मराठी आहोत असं त्यांना वाटलं पाहिजे."

"आपण आहोतच की."

"ते आपल्याला माहीत. दिसायला पण पाहिजे ना."

तेव्हाच मला राग चढायला हवा होता. पण मला त्या दोन मिनिटांचा लोभ होता.

घाणा म्हणायला माझ्या आत्याशिवाय दुसरं कोणी नव्हतं. ती वडलांची धाकटी बहीण. जन्मभर नर्सची नोकरी केली, आता खंडेराव गेटपाशी एका मिठाईच्या दुकानावर दोन खोल्यांत एकटी राहते. शहरात मराठी लग्न असलं की पहिलं बोलावणं तिला. मी विचारलं तर ती हसली. "स्टेजवर? मी काय हिरोइन आहे?" पण दुसऱ्याच दिवशी तिचा फोन आला की दुपारी ये, कुठल्या ओव्या घ्यायच्या ते ठरवू. पुढे रोज दुपारी ती गरम पाणी पिऊन गळा साफ करायची आणि मी अकॉर्डियनवर सूर लावून बसायची. तिनं मला एकच गोष्ट बजावली होती. "तू नुसता सूर धर. ठेका नको देऊस. मुसळ माझ्या डोक्यात चालू असतं."

पहिली ओवी तिनं ही निवडली:

बिन्नू निघाली सासरी, मागे वळून गं पाही
खंडेराव दरवाजा तिला जा म्हणत नाही

बिन्नू म्हणजे लाडाची लेक. शब्द बुंदेली आहे. तो आमच्या ओव्यांत कधी शिरला ते कोणाला ठाऊक नाही. माझ्या आईनंही मला बिन्नूच म्हटलं.

कार्यक्रम लक्ष्मी तालाजवळच्या एका हॉलमध्ये होता. हॉल गच्च भरला होता. सगळ्या वादकांना इलॅस्टिक लावलेले तयार फेटे दिले. मी घातला नाही, आपली नेहमीची साडी नेसून बसले. चाकं लावलेल्या लाकडी घोड्यावरून राणीसाहेब आल्या. ती मुलगी सिंधी होती आणि बिचारी घामानं निथळत होती. मग कानपूरहून आणलेल्या गायिकेनं मोबाईलमध्ये बघून लावणी म्हटली. तिच्या तोंडी प्रत्येक ळ चा ल झाला. आमच्याच लोकांनी शिट्ट्या मारल्या. पाहुण्यांचं भाषण झालं. इतक्या दूर मराठी दिवा तेवतो आहे वगैरे बोलून ते पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर बसले, हातातला माइक तसाच ठेवून.

मग आत्या आली. जरीच्या काठाची जुनी साडी, चष्मा, हातात काही नाही. मी सूर धरला. तिनं पहिली ओवी म्हटली आणि हॉल शांत झाला. मागच्या रांगांत दोन-तीन म्हाताऱ्या बायकांचे ओठ तिच्याबरोबर हलताना मला दिसले.

ओवी संपते न संपते तोच सोफ्यावरून माइकमध्ये आवाज आला. पाहुणे हसत म्हणाले, "आजी, एक मिनिट हं. बिन्नू नाही, लेक म्हणा. बिन्नू असा शब्द मराठीत नाही."

लोक हसले.

आत्या म्हणाली, "आमच्यात आहे."

"तेच म्हणतोय मी. इतक्या पिढ्या बाहेर काढल्यावर भाषा बिघडणारच. तरी तुम्ही टिकवलीत, याचं कौतुक आहे."

आणि टाळ्या पडल्या. तुमची भाषा बिघडलेली आहे असं तोंडावर सांगितलं म्हणून आमच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात मोठ्यानं आमचे सेक्रेटरी वाजवत होते.

आत्यानं दुसरी ओवी सुरू केली. "लक्ष्मी तालाचं कमळ, देठ पाण्यात गं राही..." तिचा आवाज किंचित कापला. बाजूला उभ्या भैयाजींना वाटलं असावं की कार्यक्रम पडतोय. त्यांनी बोट हवेत गोल फिरवलं. ही आमच्या पार्टीतली खूण, ठेका चालू करा. ऑक्टोपॅडवाल्यानं ढोल-ताशाचं बटण दाबलं. धडाड धडाड सुरू झालं. लोक ठेक्यावर टाळ्या पिटायला लागले, पोरं स्टेजपुढे नाचायला आली. मी ऑक्टोपॅडवाल्याकडे बघून मान हलवत होते, नको, नको. तो भैयाजींकडे बघत होता. आत्यानं त्या ठेक्यात ओवी बसवायचा प्रयत्न केला, हेही मी पाहिलं. एक ओळ ती त्याच्या मागे धावली. मग थांबली, हात जोडले आणि पायऱ्या उतरून गेली.

कोणाला कळलंसुद्धा नाही की गाणं तुटलं. "वन्स मोर!" ओरडा झाला. भैयाजी माइकवर आले. "वाह आजीजी! इस उमर में ये जोश!"

मी भात्याचा पट्टा लावला, अकॉर्डियन खाली ठेवला आणि गायिकेच्या समोरचा माइक ओढून घेतला. "ती तुमची आजी नाही," मी म्हटलं, "माझी आत्या आहे. तिचं गाणं तुम्ही अर्ध्यात..." इथे माइक बंद झाला. साउंडवाल्यानं कोणाच्या इशाऱ्यावर बंद केला ते मला विचारायची गरज नव्हती. मी तशीच बोलत राहिले. ओरडत होते म्हणा ना. पहिल्या दोन रांगांना काय ते ऐकू गेलं असेल. तेवढ्यात मागे पुढचं गाणं सुरू झालं आणि माझा आवाज त्यात बुडाला.

स्टेजमागे भैयाजींनी मला गाठलं. ते रागावले नव्हते, मला समजावत होते आणि त्यामुळे माझं डोकं अजूनच फिरलं. "बहनजी, तालियाँ आपकी ही कम्युनिटी बजा रही थी. मैं पब्लिक को देखूँ या आपकी बुआजी को?"

त्यांचं हे बोलणं खोटं नव्हतं. आजही नाही. म्हणून तर जळते मी.

सेक्रेटरी धावत आले. "पाहुण्यांसमोर काय तमाशा केलास!"

"तमाशा तुम्ही ठेवलात, जीजाजी. मी फक्त मध्ये बोलले."

आत्या कोणाला न सांगता ई-रिक्शात बसून निघून गेली होती. मी तिच्याकडे पोचले तर ती साडी बदलून गॅसपाशी उभी, खिचडी टाकत होती.

"जेवणार ना?" तिनं विचारलं.

"आत्या, तो माणूस..."

"तो पाहुणा. आला, बोलला, उद्या गाडीत बसेल." तिनं झाकण ठेवलं. "टाळ्या कोण वाजवत होतं ते बघितलंस? दुसऱ्या रांगेत तीन बायका होत्या, त्यांच्या लग्नात मी घाणा म्हटलाय. त्याही वाजवत होत्या." मग म्हणाली, "पापड भाजू?"

दोन दिवसांनी मंडळाच्या ग्रुपवर व्हिडिओ आला. बरोबर ढोल सुरू होतो तिथपासून कापलेला. आत्या गांगरून ओवी पकडायला बघते आहे आणि खाली लिहिलेलं, 'आमच्या रॉकिंग आजी'. नातेवाईक त्यावर हृदयं पाठवत होते. मी लिहिलं, हा काढून टाका. कोणीतरी हसरा चेहरा पाठवला. मी ग्रुप सोडला.

बंगाली संध्याकाळच्या दिवशी लाल काठाच्या साड्यांचा नाच चालू असताना एक वयस्क बाई ताडकन उठून बाहेर गेल्या होत्या. मी तेव्हा वाजवत होते, वाटलं, घरी काम असेल. आता त्या कुठे दिसल्या तर मला त्यांना विचारायचं आहे, त्या दिवशी का उठलात.

बबीन्याच्या कार्यक्रमाआधी भैयाजींचा फोन आला. पहिल्या वर्षापासून पार्टी जे गाणं वाजवते त्यात अकॉर्डियनचा मोठा तुकडा आहे, तुमच्याशिवाय कसं होणार, वगैरे. मी म्हटलं, आधी आत्याच्या घरी जाऊन तिची माफी मागा.

"माफ़ी? किस बात की?"

ते नाटक करत नव्हते. त्यांना खरंच माहीत नव्हतं. मी फोन ठेवला. बबीन्याला कीबोर्डवाल्यानं अकॉर्डियनचा आवाज लावून तो तुकडा वाजवला. आमच्या बासरीवाल्यानं नंतर सांगितलं की मैदान फुल होतं, फौजी खूश झाले, कोणाच्या काही लक्षात आलं नाही. त्याचाही मला राग आला. आला तर आला.

फेब्रुवारीत माझ्या भाचीचं लग्न झालं. हळदीच्या सकाळी आमच्याकडे बायका जमल्या, उखळ पुसून ठेवलं, मुसळाला आंब्याचं पान बांधलं. सगळ्या आत्याकडे बघायला लागल्या. आत्या म्हणाली, "नाही गं. गळा बसलाय माझा."

तिच्या गळ्याला काहीही झालेलं नव्हतं. सकाळीच दूधवाल्यावर ती अशी कडाडली होती की खालच्या मिठाईवाल्यानं वर मान करून बघितलं. मी तेव्हा तिला आणायला गेले होते. ती भिंतीला टेकून बसली आणि हळकुंडं निवडून देत राहिली.

कोणीतरी म्हणालं, मग मोबाईलवर लावू या काहीतरी. स्पीकरवर लग्नाचं एक हिंदी गाणं वाजायला लागलं. मी उठले आणि स्पीकरची वायर ओढून काढली. माझी बहीण म्हणाली, "शुभकार्यात तरी जरा." सेक्रेटरी दारात उभे होते, ते तोंड फिरवून बाहेर गेले.

भाची मुसळ धरून उभी होती, तिला काय करावं कळेना. आत्या तिला म्हणाली, "कूट बेटा, उशीर होतोय." मग बायका आळीपाळीनं कुटत राहिल्या, गाण्यावाचून, हळद पुरी होईपर्यंत.