वरतून मिळालेली गाणी

माणिकबाईला कोणी नमस्कार केला तरी ती आधी त्याच्या हाताकडे पाहते. अमरावतीच्या भाजीबाजारात तिचं दुकान आहे आणि मी तिचं जुनं गिऱ्हाईक. माझ्या पिशवीत दुसऱ्या कुणाची वांगी आहेत का, हे ती बोलता बोलता चाचपून घेते. गिऱ्हाइकानं भेंडीचा शेंडा मोडून पाहिला की खेकसते, आणि स्वतः अडत्याकडे गेली की आधी शेंडाच मोडते. तिचा मुलगा योगेश तसाच संशयी निघाला. त्याला फक्त भाजी विकायची नव्हती. त्याला डीजे व्हायचं होतं.

का, ते त्यानं मला एकदा चिडून सांगितलं. "बाजारात मले नावच नाई, काका. माणिकबाईचा पोट्टा, झालं. बाजारातल्या मोकाट बकरीले लोक नावानं हाकलतात, मले नाई."

म्हणून त्यानं सामानाच्या आधी नाव तयार केलं. 'डीजे योगेश, अमरावती' अशी झगमगती पाटी छापून आणली. ती बरेच दिवस कांद्याच्या पोत्यामागे उभी होती.

सामान निवडायला मात्र त्यानं जगाचा जीव खाल्ला. मोबाइलवर स्पीकरची माहिती सांगणारे लोक पाहायचा आणि म्हणायचा, "हा कंपनीकडून पैसे खाऊन राहिला." गावातल्या एका डीजेवाल्यानं सांगितलं की आधी बेस चांगला घे, दुसऱ्यानं सांगितलं की बेसपेक्षा आवाज साफ हवा. योगेशनं निष्कर्ष काढला की दोघंही त्याला बुडवायला टपलेत. सॉफ्टवेअरचं तर विचारूच नका. एक दर महिन्याला पैसे मागायचं, एक फुकट होतं.

"महिन्याच्या महिन्याले पैसे? म्हंजे आपल्याच घरात आपण किरायदार?" माणिकबाई म्हणाली. "अन् थे फुकट काहून देऊन राहिले? फुकट कोनी मातीबी देत नाई."

शेवटी फुकटचंच घ्यायचं ठरलं, पण योगेश आधी इंटरनेट बंद करून त्यावर गाणी वाजवून पाहणार होता. भर मांडवात सॉफ्टवेअरनं पैसे मागितले तर? एवढं मात्र मला पटलं.

जुनं सामान अकोल्यात चांगलं मिळतं असं कळल्यावर मायलेक बसनं तिकडे गेले. त्या दुकानात काय झालं ते मला दोघांनी वेगवेगळं सांगितलं, त्यामुळे खरं बहुतेक मधलं असावं. माणिकबाईनं स्पीकरचा प्रत्येक बॉक्स टरबुजासारखा ठोकून पाहिला. जळालेल्या स्पीकरला वास येतो हे योगेशनं ऐकलं होतं, म्हणून त्यानं आईला बॉक्सच्या तोंडाशी नाक लावायला सांगितलं. एका बॉक्सवर ती अडली.

"याले करपल्याचा वास येते."

"बाई, इथं स्पीकर घेतात, भाजी नाई," दुकानदार म्हणाला.

"वास सारखाच असते," ती म्हणाली आणि बॉक्स बाजूला सारला.

योगेशनं स्पीकरचा कागदी पडदा हलक्या हातानं दाबून आत खरखर होते का ते ऐकलं. ॲम्प्लिफायर तापेपर्यंत चालवून ठेवला. सामानाबरोबर घेतलेल्या जुन्या लॅपटॉपवर सॉफ्टवेअर टाकून घेतलं, इंटरनेट बंद करून एक गाणं वाजवलं. सगळं पास झालं, सौदा ठरला, आणि माणिकबाईच्या तोंडून सवयीनं निघालं, "वरतून काय देता?"

आमच्या बाजारात ही रीतच आहे. वजन झालं की मूठभर मिरच्या, कोथिंबिरीच्या चार काड्या गिऱ्हाइकाच्या पिशवीत वरतून पडायला हव्यात. दुकानदार हुशार होता. त्यानं लॅपटॉपमध्ये गाण्यांचा ढीग भरून दिला. "सगळी लग्नाची, वाजवाले तयार." माणिकबाई खूश होऊन परत आली. फुकट मातीही देत नाही म्हणणारी बाई! मला तेव्हाच शंका आली, कारण माणिकबाई वरतून कोणती कोथिंबीर देते ते मला ठाऊक आहे. जी उद्यापर्यंत टिकणार नाही ती.

योगेशनं घरी गाणी तपासली नाहीत असं नाही. पण गल्लीतलं कोणी त्याची गाणी चोरेल अशी त्याला धास्ती. म्हणून प्रत्येक गाण्याची फक्त सुरुवात वाजवायचा, चार ठोके ऐकायचा आणि बंद करायचा. भेंडीसारखे सगळ्या गाण्यांचे शेंडे मोडून पाहिले त्यानं.

पहिली सुपारी मिळाली मोझरीच्या अलीकडच्या एका गावात, संत्र्याची बाग असलेल्या देवरावांकडे, त्यांच्या मुलाच्या हळदीची. मोठ्या मुलाच्या वेळी एका डीजेवाल्यानं यांचं काम घेऊन ऐनवेळी भलत्याचंच मोडकं सामान पाठवलं होतं. तेव्हापासून देवराव माणिकबाईच्या वरताण संशयी झालेले.

"सामान तुह्या सोताचं असन तरच ये," त्यांनी बजावलं होतं. "दुसऱ्याचं दिसलं तं मांडवातून काढीन, अन् सगळ्या सोयऱ्यायले तुहं नाव सांगीन."

योगेशला नाव हवं होतं, पण असं नव्हे. त्या पंचक्रोशीतली निम्मी लग्नं देवरावांच्या सोयऱ्यांची. तिथं नाव गेलं की पाटी पुन्हा कांद्यामागे.

मीही गेलो होतो, माणिकबाईच्या आग्रहानं. ती स्वतः बॉक्सशेजारी खुर्ची टाकून बसली, कारण कोणी वायर बदलून नेईल. संध्याकाळी हळद लागली, बायापोरी नाचायला उतरल्या, योगेशनं पहिलं गाणं लावलं. आवाज खरंच दणदणीत होता. मला आनंद झाला. मग गाण्याच्या मध्यावर ढोल क्षणभर थांबला आणि बॉक्समधून एक पुरुष गरजला, "डीजे खटकाss, अकोलाss!"

योगेशचा चेहरा पडला. त्यानं घाईनं दुसरं गाणं लावलं. त्यातही खटका; डीजेवाले आपल्या गाण्यांत आपलं नाव भरून ठेवतात, ते हे. तिसऱ्यातही तोच. देवराव मांडवाच्या दुसऱ्या टोकाहून तरातरा आले.

"बंद कर. हे अकोल्याचं सामान हाय."

"माहं हाय, काका. आईची शपथ."

"मंग हा खटका कोन हाय? तुहा जवाई?"

पोरी हसल्या. योगेशच्या डोळ्यांत पाणी आलं. सामान त्याचं होतं, घामाचं होतं, आणि त्याच सामानातून दुसराच कुणी स्वतःचं नाव ओरडत होता. मला त्या दुकानदाराचा असा राग आला की काय सांगू.

माणिकबाई मात्र डोळे बारीक करून ऐकत होती. "योग्या, ढोल थांबला का थो मेला वरडते. लाव गानं."

तिनं माइक उचलला. त्याचा शॉक बसतो असा तिला दाट संशय, म्हणून पदरात गुंडाळून धरला. गाणं सुरू झालं. ढोल थांबला, आणि बाजाराच्या या टोकाहून त्या टोकाला पोचणाऱ्या आवाजात ती ओरडली, "या होss, डीजे योगेशss, अमरावतीवालाss!"

खटका त्या आवाजाखाली पार गडप झाला. पुढच्या वेळी ढोल थांबला तेव्हा पोरीच तिच्याबरोबर ओरडल्या. देवरावांनी कमरेवरचे हात काढले. म्हणाले, "सामान किरायाचं असू शकते. पन हे बाई किरायानं आनलेली दिसत नाई. वाजव."

योगेश नंतर अकोल्याला जाऊन दुकानदाराशी भांडला. तो म्हणाला, "वरतून देल्लं व्हतं. वरतूनची कायची ग्यारंटी?" योगेशनं हे घरी येऊन सांगितलं तशी माणिकबाई कोथिंबिरीवर पाणी शिंपडू लागली. हेच वाक्य तिनं मला कोथिंबिरीबद्दल ऐकवलं आहे.

मग योगेशनं नवी गाणी जमवली, एकेक शेवटपर्यंत ऐकून. त्यात स्वतःचं नाव टाकायला एका भारदस्त आवाजाच्या माणसाला गाठलं. पण सुपारी देणारे विचारू लागले, "थे वरडणारी बाई येईन ना?" नाइलाजानं त्यानं आईचाच आवाज भरला. "माहा आवाज कुठं कुठं जाईन, काही सांगता येत नाई," ती कुरकुरली, पण ओरडली. लोक आता त्याला माणिकबाईचा डीजे म्हणतात. नाव काही त्याला मिळालं नाही, असं तो मला म्हणाला. मला वाईट वाटलं.

परवा मायलेक वायर घ्यायला अकोल्याला गेले. समोरून वरात आली, गाडीवर कुणा नवख्या मुलाचे बॉक्स. गाण्यात ढोल थांबला आणि माणिकबाईचा आवाज सगळ्या रस्त्यावर घुमला, "डीजे योगेशss, अमरावतीss!" गाडीवरचा मुलगा कावराबावरा झाला.

"पाय! थ्या चोरट्या दुकानदारानं आपली गानी कुठून तं उचलली, अन् आता मले वरतून देऊन राहिला!" माणिकबाई उसळली. "चाल दुकानात."

योगेश हलला नाही. "थांब न, माय. माहं नाव घेऊन राहिले अकोल्यात."

तिनं गाडीकडे संशयानं पाहिलं, मग मुलाकडे. "पुरं आयकून घे," ती म्हणाली. "शेंडा पाहून खूश होऊ नोको."

गाणं संपेपर्यंत दोघं रस्त्याच्या कडेला उभे राहिले.