सात नंबरचा झेंडा

ज्या कामात नकाशा हा शब्द येतो ते काम भूगोलाच्या बाईचं, असा आमच्या शाळेत अलिखित नियम आहे. त्यामुळे ओरिएंटियरिंगच्या शालेय लीगचं पत्र आलं तेव्हा मुख्याध्यापकांनी ते पुरतं न वाचताच माझ्या टेबलावर सरकवलं. पीटीचे सर शेजारीच बसले होते, ते एकदम खिडकीबाहेर बघायला लागले. मी पत्र वाचलं. हातात नकाशा आणि होकायंत्र घेऊन माळावर, झाडीत ठेवलेले झेंडे क्रमानं शोधायचे, प्रत्येक झेंड्याला टांगलेल्या चिमट्यानं आपल्या कार्डावर पंच करायचं आणि कमीत कमी वेळात परत यायचं. एकट्यानं पळायचं आणि कुणाला काही विचारायचं नाही. कागदावर सगळंच सोपं असतं.

पहिली कटकट नकाशाचीच झाली. वीस वर्षं मी मुलांकडून हिरवं म्हणजे मैदानी प्रदेश असं घोकून घेतलंय. या खेळाच्या नकाशात हिरवं म्हणजे आत शिरता येणार नाही अशी दाट झुडपं, पिवळं म्हणजे मोकळा माळ आणि पांढरं म्हणजे झाडी. पांढरं म्हणजे झाडी! हे आठवीच्या पोरांच्या गळी उतरवता उतरवता माझा घसा बसला, आणि सहामाहीच्या पेपरात चौघांनी गंगेच्या मैदानाबद्दल ‘येथे दाट झुडपे असून पळता येत नाही’ असं लिहून ठेवलं. त्यांना मार्क द्यायचे की नाही यावर मी अजून विचार करतेय.

दुसरी कटकट त्याहून मोठी. आपल्याकडे वाट सापडली नाही की माणूस समोरच्याला विचारतो, आणि समोरचा हातातलं काम टाकून सांगतो. मोशीत नदीकडच्या मोकळ्या जागेत आम्ही पहिला सराव घेतला. तिथं एक आजोबा म्हशी चारत होते. पहिल्याच मुलानं त्यांना गाठलं, “आजोबा, केशरी-पांढरा झेंडा पाहिला का हो?” आजोबा म्हणाले, “व्हय, हाय की. त्या बाभळीमागं.” एवढ्यावर थांबतील तर कसलं. म्हशी सोडून ते स्वतः बाभळीखाली जाऊन उभे राहिले आणि येईल त्या पोराला “अरं हिकडं, हिकडं!” म्हणून हाका मारू लागले. मी पळत जाऊन त्यांना नियम समजावला, तर मलाच सुनावलं, “पोरं उन्हात हिंडत्यात आन् तुमी सांगू नका म्हणता? कसली वो ही शाळा?”

पालकांबद्दल तर बोलायलाच नको. एका आईनं लोकेशन कळावं म्हणून मुलीच्या मोज्यात मोबाईल घालून पाठवला होता. दुसरीनं विचारलं, “मॅडम, एकटीलाच का सोडता? दोघी-दोघींना सोडा ना, सोबत होईल.” मैत्रिणीला सोबत म्हणून मुली खरोखरच झुडपामागं थांबून राहायच्या. मी शिट्ट्या फुंकून फुंकून दमले.

या गोंधळात एकच मुलगी हा खेळ जसा खेळायचा तसा खेळायची. आठवीतली, जाडसर, पळण्यात सगळ्यांच्या मागं. शाळेच्या क्रीडा दिनाला ती दरवर्षी शेवटची यायची आणि वर्ग टाळ्या वाजवायचा, तो हसण्यातलाच प्रकार. इथं मात्र पुढं पळणारी पोरं वाट चुकून भलतीकडं जायची, आणि ही नकाशा वळवत, पावलं मोजत, सावकाश चालत बरोबर झेंड्यापाशी पोचायची. डबा खाताना नकाशा मांडीवर असायचा. अंतिम फेरीला आमच्या शाळेतून आठवीची एकच मुलगी जाणार होती, आणि दोन फेऱ्यांनंतर ही आणि वर्गातली सगळ्यात वेगवान धावणारी मुलगी अशा दोघीच उरल्या होत्या. “मॅडम, माझं होईल का?” हा प्रश्न तिनं त्या आठवड्यात मला रोज विचारला. शेवटी मी वैतागून म्हटलं, “होईल गं बाई, जा आता वर्गात.”

तिचे वडील चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी सुपरवायझर. मूळचे लातूरकडचे. मदतीला येणारे पालक मोजून दोन, त्यातले हे एक, त्यामुळे मी त्यांच्याबद्दल वाकडं बोलू नये. पण यांना चूक दिसली की हात शिवशिवतात. सरावात त्यांनी पाण्याच्या बाटल्यांभोवती खडूनं चौकोन आखले होते. प्रत्येक बाटली आपल्या चौकोनात. मी हसले होते. तेव्हाच थोडं रागवायला हवं होतं.

तिसरी फेरी महाळुंगेच्या बाजूच्या टेकडीवर होती. खाली कंपन्यांच्या शेड, वर घाणेरीची झुडपं आणि मधून एक कोरडा ओढा. या फेरीचे झेंडे लावायची पाळी आमच्या शाळेची होती, म्हणून रविवारी सकाळी सहाला मी स्वतः सगळे झेंडे लावून आले. सात नंबरचा झेंडा ओढ्याच्या वळणावर, खडकाच्या आड ठेवला. वाटेवरून तो दिसत नव्हता. दिसू नये म्हणूनच तिथं ठेवला होता. नकाशा नीट वाचणाऱ्यालाच तो सापडणार होता.

मुलं सुटायला लागली. दोन-दोन मिनिटांनी एक. पोरं बघता बघता परत येऊ लागली, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. सात नंबरला निदान पाच मिनिटं सगळे घोटाळणार हे मी धरून चालले होते, आणि इथं तर एकाच्याही कार्डावर सातची जागा रिकामी नाही. मी काय समजले, तर पोरं शिकली. मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटून घेतली.

ती शेवटी आली. घामानं निथळत, हातांवर घाणेरीचे ओरखडे. कार्डावर सहा होता, आठ होता, सात नव्हता.

“सात नंबरला झेंडाच नव्हता, मॅडम. मी दहा मिनिटं थांबले.”

“बाकी सगळ्यांना मिळाला. तुलाच कसा नाही मिळाला?”

“मी बरोबर जागेवर गेले होते. वळण, खडक, सगळं होतं.”

“चुकलीस तर चुकले म्हणावं,” मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. तीन महिन्यांची सगळी चिडचिड त्या आवाजात होती आणि त्यातली एकही तिच्यामुळं झालेली नव्हती. “नियम म्हणजे नियम. पंच नाही तर बाद.” तिच्या नावापुढं मी बाद लिहिलं आणि ते सगळ्यांसमोर वाचूनही दाखवलं. ती पाण्याच्या टाकीमागं जाऊन बसली.

अर्ध्या तासानं तिचे वडील सगळे झेंडे गोळा करून, नंबरवार लावून घेऊन आले. तोंडभर हसू. “मॅडम, एक इम्प्रूव्हमेंट केली बरं का. ह्यो सात नंबर खाली वड्यात पडला होता, खडकामागं. कुणाला दिसला असता का? रेस सुटायच्या आधी मी वर वाटेच्या खांबाला बांधला. केबल टाय मारून, डोळ्याच्या लेव्हलला. एकाचंबी चुकलं नाही बघा.”

मग मी जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यांचं हसू विरत गेलं. शेवटी त्यांनी हळूच विचारलं, “आमची कितवी आली?” मी सांगितलं. ते हातातले झेंडे खाली ठेवून दगडावर बसले. मग उठून म्हणाले, “मॅडम, चूक माझी हाय. आमच्याकडं माप तपासायचं गेजच चुकीचं निघालं तर पूर्ण लॉट रिजेक्ट करतात. फेरीच रद्द करा.”

मी त्यांना घेऊन लीगच्या संयोजकांकडं गेले. ते रावेतच्या एका शाळेचे पीटीचे सर, माणूस तसा सरळ. फेरी रद्द करायला ते तयार नव्हते. साठ मुलांचे पालक उभं चिरतील म्हणाले, आणि ते खरंच होतं. पण त्यांनी एक वाट काढली. “हे बघा, झेंडा हलवला ही आपली चूक. तिला तो दिसलाच नसेल तर सात नंबर तिच्यापुरता सोडून देऊ. ओढ्यात घालवलेली दहा मिनिटंही वजा करू. मग तीच पहिली येतेय तुमच्याकडून. बोलवा तिला.”

मी तिला बोलावलं. वडील बाजूला हात जोडल्यासारखे उभे. मला वाटलं, सुटलो.

“वाटेवरच्या खांबाला झेंडा होता,” सरांनी विचारलं, “तो तुला दिसला नाही, बरोबर?”

ती म्हणाली, “दिसला ना सर.”

“दिसला?”

“हो. जाताना दिसला आणि परत येतानाही. त्याच्यावर सातच लिहिलं होतं.”

मी जवळजवळ ओरडलेच, “मग पंच का नाही केलंस?”

तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी काहीतरी वेड्यासारखं विचारतेय. “तो तिथं नव्हता ना मॅडम, नकाशात. मला वाटलं कुणीतरी चुकून बांधलाय. खरा झेंडा ओढ्यातच असणार म्हणून मी आत शोधत बसले.”

सरांनी माझ्याकडं पाहिलं आणि हात पसरले. दिसूनही पंच केलं नाही, मग त्यांना तरी काय करता येणार होतं? मी भांडले, बराच वेळ भांडले. नुसतं “नाही दिसला” एवढं म्हणाली असती तर काम झालं असतं, आणि ते तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. वडिलांनी तिचं दप्तर उचललं, तिला गाडीवर मागं बसवलं आणि निघून गेले.

सोमवारी अंतिम फेरीच्या यादीत मी त्या वेगवान धावणाऱ्या मुलीचं नाव लिहिलं. लिहिताना एकच गोष्ट डोक्यात घोळत होती. मी तिच्या जागी असते तर खांबावरचा झेंडा बघून खुशाल पंच केलं असतं आणि पुढं पळाले असते. आणि तिला शिकवते मी.