चहाच्या तक्त्यावरचं नाव

बोरीच्या स्टँडवर माय मला सोडायला आली, तेव्हा माझ्या पिशवीत दोन ड्रेस, भाकरी आणि टायपिंगचं सर्टिफिकेट होतं. गाडी हलली तशी ती खिडकी धरून चालू लागली. "कामात कमी पडू नको. पन कुनाच्या पुढं पुढं बी करू नको." मी मान हलवली. तेव्हा बावीस वर्षांची होते, आता पन्नाशी जवळ आली.

गावात राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखं गाव सोडलेल्यांनो, माझी फजिती ऐका.

पुण्याच्या ऑफिसात पहिल्याच दिवशी माझं आडनाव आणि गाव विचारून झालं. आम्ही बौद्धवाड्यातले, हे त्यांना तेवढ्यात कळलं. पुढं शिपाई रिटायर झाला आणि चहाचं काम बायकांवर आलं. पुरुषांना विचारायचा प्रश्नच नव्हता. पँट्रीत तक्ता लागला. बायका आम्ही सात, नावं सहा. माझं नव्हतं. मला वाटलं, साहेब माझ्या कामाची कदर करतात! सहा वर्षं मी या तोऱ्यात काढली.

एकदा फोनवर मायला म्हणाले, "बाकीच्या बायांना चा करावा लागतो, मला न्हाई. लय मान हाय मला."

मग माय म्हणाली, "मला बी लय मान होता, बाई. पाटलिणीच्या शेतात तीस वर्सं खुरपलं, पन माठातलं पानी वाढ म्हनून मला कदीच सांगितलं न्हाई."

मी फोन ठेवला. चौथी शिकलेल्या बाईला जे एका दमात कळलं, ते ग्रॅज्युएट बाईला सहा वर्षं कळलं नव्हतं.

सोमवारी तक्त्यावर स्वतःचं नाव लिहिलं आणि आलं घालून चहा केला. त्या दिवशी अख्ख्या ऑफिसला एकदम ॲसिडिटी झाली. दोघींचा तर सोमवार निघाला, उपासाला चहा चालतो हे विसरून. भरलेले कप मीच बेसिनमध्ये ओतले.

मग अर्ज दिला. दोनच प्रश्न होते: चहा फक्त बायकांनीच का करायचा? आणि बायकांतून मी वगळलेली का? साहेब गोड आवाजात म्हणाले, "मॅडम, पहिला मुद्दा ठेवा, दुसरा काढा. उगाच वातावरण बिघडतं." शेजारच्या टेबलावरची सुनंदा, माझी एकुलती मैत्रीण, तीही म्हणाली, "काढ ना गं." मी काढला नाही.

उत्तर आलं, 'गैरसमज'. तक्ता गेला, मशीन आलं. आता साहेबसुद्धा स्वतः बटण दाबतात. त्या पाणचट चहाचं खापर माझ्यावर फुटतं, आणि खरं सांगते, चहा आहेच तसला. सुनंदा दुसऱ्या टेबलावर जेवते. मी डबा खिडकीपाशी उघडते. भाजी कशी झाली, हे विचारणारं कुणी नाही, म्हणून ती नेहमी चांगलीच होते. बढती दोनदा पुढच्या वर्षावर गेली. पण तो अर्ज फाईलमध्ये आहे, दुसऱ्या मुद्द्यासकट.

गावात आता मला पाहुणी समजतात. बोलता बोलता मधेच मी 'ॲक्च्युली' म्हणते आणि भाचे हसतात. पुण्यात मी परभणीकडची, आणि बोरीत पुण्याची. घर म्हणावं असं उरलंय ते मायच्या चुलीपुढचं हातभर सारवण. दिवाळीला तिथं बसून चहा केला. मायच्या हातात कप दिला. तिनं फुर्रकन ओढला, तोंड वाकडं केलं.

"साखर कमी हाय," म्हणाली. आणि रिकामा कप पुढं केला. "आनखी अर्दा दे."