शिवणार नाही

माझ्या आत्याबद्दल गल्लीत एक बातमी पक्की आहे: दारूबंदीवाली बाई स्वतःच घेते. शिलाई मशीनच्या खाली, पायाच्या डाव्या बाजूला, तिची रमची क्वार्टर असते आणि दिवसातून दोनदा ती तिकडे वाकते. बातमी सांगायची एक पद्धतही ठरलेली आहे. आधी इकडेतिकडे बघायचं, मग मान खांद्यात ओढायची आणि म्हणायचं, "मी नाही हं पाहिलं, पण ज्यानं पाहिलं त्यानंच सांगितलं."

मी पाहिलंय. क्वार्टर आहे. तिच्यात मशीनचं तेल आहे. आत्याच्या नवऱ्याची ही शेवटची बाटली. काका गेले त्या दिवशी ती अर्धी भरलेली होती. आत्याने उरलेली मोरीत ओतली, बाटली गरम पाण्याने धुतली आणि कामाला लावली. "वीस वर्षं हिने माझं तेल काढलं," ती म्हणते, "आता हिनं द्यावं."

चर्चमागच्या खोलीवर आत्याच्या दारूबंदी मंडळाची पाटी आहे: 'ख्रिस्ती महिला टेंपरन्स सोसायटी'. त्यातलं 'न्स' उन्हाने कधीच उडालंय. उरलंय ते टेंपर, आणि आत्या अध्यक्ष झाल्यापासून तेच बरोबर आहे. पुरुष या मंडळाला 'कोरडं मंडळ' म्हणतात आणि स्वतःच्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसतात.

आधी मंडळ काय करायचं? दर शनिवारी दुपारी चौदा बायका जमायच्या, एक गीत म्हणायच्या, प्रार्थना करायच्या आणि उजवा हात वर करून शपथ घ्यायच्या: "मी दारूला शिवणार नाही." चौदाजणींपैकी एकीनेही जन्मात थेंब घेतलेला नव्हता. पिणारे सगळे त्या वेळी घरी जेवून घोरत असायचे.

एका शनिवारी एका बाईने शपथेला डावा हात वर केला. उजवा मनगटापासून प्लास्टरमध्ये होता. आत्याने तिच्याकडे पाहिलं आणि शपथ मध्येच तोडली.

"आपण कशाची शपथ घेतोय ग? मग मी मगरीशी लग्न करणार नाही, अशीपण घेऊ या. तीही पाळायला सोपी आहे."

कोणी हसलं नाही. प्लास्टरवाली तेवढी हसली.

त्या महिन्यापासून पगाराच्या दिवशी संध्याकाळी पाच ते सात चौदा स्टुलं दारूच्या दुकानासमोर लागायला लागली. घोषणा नाहीत, फलक नाहीत. बायका आपल्या गुंड्या लावतायत, काजं करतायत, उसवलेलं टिपतायत. गिऱ्हाईक आलं की ओळखीची बाई उठायची आणि अगदी गोड आवाजात विचारायची, "नमस्कार काका. काकू बऱ्या आहेत ना?" बस, एवढंच. काकांचा खिशाकडे गेलेला हात तिथेच थांबायचा. एक काका तर शेजारच्या दुकानातून झाडू विकत घेऊन घरी गेले. प्लास्टरवालीचा नवरा आला तेव्हा आत्या स्वतः उठली. "नमस्कार भाऊ. वहिनींचं मनगट कसंय?" रस्ताभर ऐकू गेलं. भाऊ आल्या पावली परत.

दुकानवाला भांडायला आला नाही. तो हुशार आहे. प्रत्येक वाक्याच्या शेवटी "आपण काय परके आहोत का?" असं विचारतो आणि उत्तराला थांबत नाही. चर्चला पंचाहत्तर वर्षं होणार होती, गायकमंडळाला नवे झगे हवे होते. त्याने पाळकसाहेबांकडे किरमिजी कापडाचा अख्खा ताका पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी पाळकसाहेब ताका घेऊन आमच्याकडे. त्यांच्या आवाजाला लोणी लावलेलं असतं; त्याची नक्कल मी गल्लीभर करून दाखवते.

"हे बघा ताई, बरं का, त्या दुकानवाल्या भाऊंनी एवढं कापड दिलं. प्रेमाने. बावीस झगे आहेत, तुम्हीच शिवायचे. आणि ते समोर बसणं थांबवा आता, बरं का. तेही प्रेमाने."

आत्याचा पाय मशीनवर चालूच. "आपली शपथ काय आहे, साहेब?"

"मी दारूला शिवणार नाही."

"मग? हा दारूचा ताका. नाही शिवणार."

"अहो, ते शिवणं म्हणजे स्पर्श करणं. हे शिवणं वेगळं."

"माझ्या मशीनला एवढं व्याकरण येत नाही."

लोणी वितळलं. "मग खोलीचा विचार करावा लागेल. चर्चची खोली चर्चच्या कामाला. रविवारपर्यंत ठरवा, नाहीतर किल्ली परत."

इथे मला खोलीबद्दल सांगायला हवं, कारण पाळकसाहेबांना वाटतं तिथे फक्त गीतं होतात. घरात नवरा झिंगून आला की बाई मुलांना उचलून त्या खोलीत येते. एक बाक आहे, टेबल आहे, आतून लागणारी कडी आहे. तो झोपला असा निरोप येईपर्यंत मुलं गृहपाठ करतात. प्लास्टरवाली तीनदा आली होती. चौथ्यांदा आली तेव्हा बाहेर कुलूप होतं. आत्या किल्ली घेऊन कोणाचा तरी ब्लाउज पोचवायला गेली होती. बाई परत घरी गेली. मनगट त्या संध्याकाळचं. तेव्हापासून आत्याने ब्लाउज पोचवणं बंद केलं, ती किल्ली गळ्यात घातली आणि दिवसभर घरी बसायला लागली. तीच किल्ली हा माणूस हात पुढे करून मागत होता, आणि त्या मनगटाची चौकशी त्याने एकदाही केलेली नव्हती.

म्हणून मी म्हटलं, आत्या शिवेल. दात-ओठ खात शिवेल, पण खोलीसाठी शिवेल.

"लावतेस पैज?" आत्या म्हणाली. "हरलीस तर महिनाभर तोंडातून कोणाची नक्कल नाही."

"आणि जिंकले तर चार खिशांचं जाकीट."

"सहा खिशांचं. लाव."

रविवारी उपासना संपल्यावर आत्याने पाळकसाहेबांच्या एका हातावर ताका ठेवला, घडीही न मोडलेला. दुसऱ्या हातावर गळ्यातली किल्ली.

"घ्या साहेब, बरं का," ती म्हणाली. "प्रेमाने."

लोणी इतकं हुबेहूब होतं की मी जळले. घरी येईपर्यंत पैज गेली हेही लक्षात आलं नाही.

सोमवारी पाच वाजता बायका, मुलं आणि दप्तरं, सगळे दारूच्या दुकानासमोर. पगाराचा दिवस नव्हता. "खोली नाही," आत्याने विचारणाऱ्यांना सांगितलं, "मग बसायचं कुठे?" मंगळवारीही तेच, बुधवारीही तेच. मुलं मोठ्याने पाढे म्हणत होती. गिऱ्हाइकाने काउंटरवर वाकून "एक क्वार्टर" म्हणायचं, की मागून बारा पोरांचं "तेरा एके तेरा". प्लास्टरवालीचा नवरा तिला न्यायला कोपऱ्यापर्यंत आला, चौदा बायकांनी माना वर केल्या, आणि त्याला काहीतरी दुसरं काम आठवलं. गुरुवारी एक मुलगी काउंटरवर गेली. "काका, पेन्सिलीला टोक काढून देता?" दुकानवाल्याने दिलं. त्याच संध्याकाळी तो दुकान नोकरावर टाकून पाळकसाहेबांच्या ओट्यावर उभा होता.

"साहेब, त्यांची खोली त्यांना देऊन टाका. आपण काय परके आहोत का?"

शुक्रवारी पाळकसाहेब किल्ली घेऊन आमच्या घरी आले. प्लास्टरवाली बाजूला बसून डाव्या हाताने दोरे गुंडाळत होती.

"हे बघा, बरं का, चर्चला असं वाटतं..."

"आधी हिला विचारा," आत्या म्हणाली.

"काय विचारू?"

"ते तुम्हाला कळायला हवं."

आत्याने पुढची टीप घातली. मग पाळकसाहेब तिच्याकडे वळले. "मनगट कसं आहे, बाई?" आवाजाला लोणी नव्हतं. साधा म्हाताऱ्या माणसाचा आवाज होता, तो मी पहिल्यांदाच ऐकला.

"दुखतं," ती म्हणाली.

ते गेल्यावर आत्याने किल्ली गळ्यात घातली, खाली वाकून क्वार्टर काढली आणि मशीनला दोन थेंब दिले.

"काय ग, कसे म्हणाले ते? 'चर्चला असं वाटतं'?"

माझ्या गळ्यात लोणी अगदी तयार होतं. मी ओठ गच्च मिटले.

"पंचवीस दिवस राहिले," आत्या म्हणाली.

म्हणून हे सगळं लिहून काढलं. पैज तोंडाची होती.