दाजींचं क्रेडिट कार्ड

खिशात दमडी नसताना सगळ्यात श्रीमंत दिसणारा माणूस अख्ख्या सातारा-सांगली मुलखात कोण, असं मला कुणी विचारलं, तर मी डोळे झाकून आमच्या दाजींकडं बोट दाखवीन. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या ताईचे यजमान, शिरवळच्या कारखान्यात सुपरवायझर. तिथल्या साहेबांच्या ओळखीनं त्यांना क्रेडिट कार्ड मिळालं आणि त्या दिवसापासून त्यांनी रोख पैशाशी सोयरीक मोडली. "पैसं काय, कुणीबी बाळगतंय मास्तर. ह्याला पत लागती, पत!" असं म्हणत ते कार्ड शर्टाच्या खिशातून अर्धं बाहेर डोकावेल असं ठेवत. पत त्यांची आणि पैसे माझे! आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. मी, पोरांना गणित शिकवून पोट भरणारा. पण दाजींच्या या गणितापुढं माझी पदवी पार पालथी पडली.

कार्ड चालत नाही अशी जागा दिसली की यांना दाखवायची हुक्की यायची, आणि चालतं अशी जागा तर आमच्याकडं नव्हतीच. सलूनवाल्यानं टॉवेल झटकला की दाजी कार्ड काढत आणि मी पाकीट. कवठे महांकाळच्या बाजारात त्यांनी शेळी पसंत केली, दात बघितले, तासभर घासाघीस केली आणि इसार म्हणून कार्ड पुढं केलं. शेळीवाल्या म्हाताऱ्यानं ते उन्हात धरून उलटंपालटं बघितलं. "आवं, ह्ये शेळी तरी खाईल का? इसार द्या, न्हाईतर दावं सोडा." इसार मी दिला. कुंडलला सत्यनारायणाच्या पूजेत आरतीचं ताट समोर आलं, तर या गृहस्थानं कार्ड ज्योतीवरून फिरवलं, कपाळाला लावलं आणि परत खिशात घातलं. मी डोळे वटारले. "देवाला दाखवलं की! त्यो काय लगीच वटवाया पळतोय व्हय?" ताटात नाणं अर्थात माझंच पडलं.

एक शब्द मात्र त्यांनी ताईला दिला होता: कार्डावरची पहिली खरेदी तुझी साडी. "त्या कचकड्याच्या तुकड्यावर साडी येती व्हय?" म्हणून ताई वरवर चेष्टा करी. पण भाऊबिजेला मी साडी पुढं केली तेव्हा तिनं हळूच बाजूला सारली. "औंदा नको रं. ह्यांची यायची हाय."

अखेर सांगलीत एका दुकानाच्या काचेवर कार्ड चालत असल्याची चिठ्ठी दाजींना दिसली. आम्ही तिघं गेलो. ताईनं डाळिंबी इरकल पसंत केली. दुकानदारानं फळीखालून यंत्र काढलं, धूळ फुंकली, कार्डावर कार्बनची पावती ठेवून दांडा घर्रकन सरकवला. दाजी पोराच्या अंगावर अक्षता पडत असल्यासारखे बघत होते. त्यांनी झोकात सही केली. दुकानदारानं जुळवून बघायला कार्ड उलटं केलं. मागची पट्टी कोरी, वर पिवळा डाग.

"साहेब, सही कुठाय? जुळवू कशाशी?"

दाजींनी ताईकडं बघितलं. ताईनं मान खाली घातली. "लक्षीमीपूजनाला रुपयाबरोबर दुधापाण्यानं धुतलं. हळद निघंना, म्हणून जरा काथ्यानं घासलं."

"आगं, रुपया धुतला तर रुपयाच ऱ्हातो!" दाजी कळवळले. मग दुकानदाराकडं वळले. "मी माणूस समोर उभा हाय की. शंभराच्या नोटंवर माझी सही अस्ती का? ती बरी चालती!"

"मग नोटच द्या. सही नाही विचारत."

सवयीनं माझा हात पाकिटाकडं गेला. ताईनं मनगट दाबलं. कमरेची चंची सोडून तिनं घड्या घातलेल्या नोटा फळीच्या आडून दाजींच्या मुठीत दिल्या. त्यांनी त्या न मोजता कपाळाला लावल्या आणि दुकानदारापुढं ठेवल्या. घरी गेल्यावर ताई शेजारणीला ओरडून सांगत होती, "ह्यांनी घेतली!" दाजी तेवढा वेळ परसात उगाच बादली विसळत बसले.

त्या कार्डाची मुदत कधीच संपली. आता ते देव्हाऱ्यातल्या डबीत असतं. दिवाळीला ताई त्याला दुधानं धुते, कुणी हरकत घेत नाही. दाजी नोटा बाळगतात. शिरवळच्या स्टँडवर चहा घेतला, तर माझा हात खिशात जायच्या आत त्यांनी सुट्टे मोजून दिलेले असतात. माझी काही तक्रार नाही. पण परवा मीच म्हणालो, "दाजी, कार्ड दाखवा की जरा."

"घरी हाय," दाजी म्हणाले, आणि शर्टाच्या खिशावर हात ठेवून चहा पिऊ लागले.