उजव्या खांद्यावरचा पदर

नेरूळच्या बाजारातले स्टुडिओवाले चाचा फोटोतला चेहरा आधी बघतच नसत. नाकाखालची सावली बघत. दोन वेगवेगळे फोटो जोडून एक करून द्या म्हणून कुणी आलं की म्हणत, "माणसं जोडायला पाच मिनिटं. उजेड जोडायला तास."

मी गेले तेव्हा माझ्याकडे तास नव्हता. दुपारी दोनला आईचं हृदयाचं ऑपरेशन होतं. वडील मी शाळेत असताना गेले. पावणे गावातल्या कारखान्यात काढलेला त्यांचा एकच फोटो घरात होता. दोघांचा एकत्र कधी निघालाच नाही. आत जाण्याआधी तसा एक बघायचाय, हे आईने त्याच दिवशी सकाळी सांगितलं.

चाचांनी दोन्ही फोटो कॉम्प्युटरवर घेतले. वडिलांवर उजेड डावीकडून, आईवर उजवीकडून. त्यांनी आईचा फोटो आरशातल्यासारखा उलटा केला. सावल्या जुळल्या, प्रिंट निघाली. साडेबारा वाजले होते. मी पर्स उचलली, पण चाचा चष्मा कपाळावर चढवून प्रिंटकडेच बघत होते.

"पदर उजव्या खांद्यावर गेला. चमकीपण उजव्या नाकपुडीत."

"चालेल हो, चाचा."

"तुम्हाला चालेल, बाई. नवऱ्याशेजारी दुसरीच बाई बसलेली बघून त्या आत जायच्या काय?" त्यांनी प्रिंट फाडली.

"मग वडिलांना उलटं करा."

"शर्टाचा खिसा उजवीकडे जाईल."

मी भांडले. त्यांनी आईचा फोटो पुन्हा सरळ केला. आईच्या एका गालावरची सावली माउसने पुसून दुसऱ्या गालावर भरत बसले. भावाचे फोनवर फोन येत होते. "फोन बाहेर जाऊन घ्या, माझा हात हलतो," एवढंच म्हणाले.

सव्वा वाजता दुसरी प्रिंट मिळाली. मी पोचले तेव्हा स्ट्रेचर ऑपरेशन थिएटरच्या दाराशी होतं. आईने चष्मा मागून घेतला. बोट आधी स्वतःच्या चमकीवर ठेवलं, मग वडिलांवर. "बसले एकदाचे शेजारी," म्हणाली आणि फोटो माझ्याकडे देऊन आत गेली.

ती नीट बाहेर आली. चौथ्या दिवशी मी चाचांना सांगायला गेले.

"चमकी बघितली त्यांनी?"

"आधी तीच."

त्यांनी मान हलवली आणि पुढच्या फोटोतली सावली शोधायला लागले.

गेल्या वर्षी चाचा गेले. बाजारातल्या दुकानदारांनी चौकात श्रद्धांजलीचा फलक लावला. चाचांचं तोंड मजकुराकडे यावं म्हणून फलकवाल्याने फोटो उलटा केला होता. पेन अडकवलेला खिसा उजवीकडे. मी खाली छापलेल्या त्याच्या नंबरवर फोन केला.

"ताई, एवढं कोण बघतंय?"

"मी बघतेय," म्हटलं. "उतरव."

दुसऱ्या दिवशी खिसा डावीकडे होता.